हात ओळखणाऱ्या मॅडम

माणसांचे चेहरे मॅडमच्या लक्षात राहत नसत. आमच्या स्टुडिओत त्या वर्षभर येत होत्या, तरी माझा मोठा भाऊ, भाईजान, रस्त्यात समोर आला तर सरळ पुढं निघून जायच्या. भाईजाननं खिशातून किल्ली काढून बोटाभोवती फिरवली, की मागं वळून म्हणायच्या, "अरे, तू होय! मंग आंधी किल्ली काढाची ना बापा. मले कसं समजीन?"

माझ्या अम्मीला त्या कपावरून ओळखत. अम्मी चहाचा कप बशीत ठेवताना करंगळी आधी टेकवते, आवाज होऊ नये म्हणून. ती तसं करते हे मला घरात जन्म काढूनही माहीत नव्हतं. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. अम्मी इतकी लाजली की पुढं कितीतरी दिवस मॅडम आल्या की ती कप माझ्या हाती पाठवायची.

त्या अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सुती साडी, घोट्याच्या वर नेसलेली, खांद्याला कापडी झोळी आणि झोळीत कायम भाजलेल्या शेंगा. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं असेल. शिकलेल्या होत्या, चांगली मराठी त्यांना येत होती, वर्गात बोलतही असतील. पण वर्गाबाहेर त्या आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायच्या. पुण्याहून कोणी मोठे प्राध्यापक आले तर मुद्दाम जास्तच.

आमचा स्टुडिओ म्हणजे अकोल्याला बसस्टँडच्या मागं लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं दुकान. समोर भाईजान बसायचा, मागच्या खोलीत मी. आमच्या लग्नांत बायकांकडचं शूटिंग बाईनं करायचं आणि त्याचं मिक्सिंगही बाईनंच, अशी लोकांची अट असे. म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स केल्याबरोबर भाईजाननं मला ती खोली दिली. बाहेरच्यांची नजर पडू नये म्हणून तिची एकुलती एक खिडकी विटा लावून बुजवलेली होती. मी त्या खोलीला मनातल्या मनात कबर म्हणायची.

मॅडम त्या खोलीसाठीच आल्या. अमरावतीच्या सगळ्या स्टुडिओंतून फिरून आल्या होत्या. आत पाऊल टाकलं, दिवा लावला, विझवला, परत लावला आणि खुशीनं म्हणाल्या, "इथी ऊन येतच नाई! सकाळपासून सांजेलोक उजेड एकसारखा! पोरी, तू किती नशीबवान हायेस."

मला नशीबवान म्हणणारी ती पहिलीच बाई.

त्यांचं संशोधन काय होतं ते मला समजायला वेळ लागला. पण समजल्यावर ते इतकं साधं वाटलं की त्यांच्या कॉलेजातल्या लोकांना ते का कळत नाही याचं नवल वाटायचं. प्रत्येक माणसाची वस्तू हाताळायची एक रीत असते. मॅडम तिला चाल म्हणायच्या. तांब्या उचलायची चाल, चष्मा पुसायची चाल, कुलूप लावून ओढून बघायची चाल. आता माणूस काढून टाकायचा आणि नुसती वस्तूच तशी हलवायची. हात नाही, माणूस नाही, पडद्यावर फक्त वस्तू. बघणाऱ्याला माणूस ओळखू येतो का? एवढाच प्रश्न. त्यासाठी वस्तू टेबलावर ठेवायची, डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, वस्तू केसभर सरकवायची, परत फोटो. असे शेकडो फोटो मी कॉम्प्युटरमध्ये एकापुढं एक लावले, की वस्तू आपोआप हलायला लागे.

या कामात त्यांचा मोठा दुश्मन म्हणजे पंखा. वाऱ्यानं कागद हलला, धागा हलला, की सगळं पाण्यात. अकोल्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत, पंखा बंद. घाम कॅमेऱ्यावर पडू नये म्हणून मॅडम कपाळाला टॉवेल बांधून उभ्या राहत. श्वास रोखून बटण दाबत आणि मग एवढा मोठा सुस्कारा टाकत की मला हसू येई. "हासू नको, टेबल हालते," त्या म्हणत. भाईजान अम्मीकडे तक्रार करायचा, "ये मॅडम आती हैं तो पंखा बंद, बात बंद, चलना-फिरना बंद. मैं दुकान में हूं या मय्यत में?"

आणि दुसरा दुश्मन लोडशेडिंग. फोटोंचा सिलसिला रंगात आला की लाइट जायची. मग मॅडम अंधारातच शेंगा सोलत बसायच्या आणि टरफलं पदरात जमा करायच्या. लाइट आली की पदर झटकून पुन्हा उभ्या.

त्यांच्या प्राचार्यांचा किस्सा अमरावतीत अजून सांगतात. प्राचार्यांना बोलण्याआधी पेनाशी खेळायची सवय होती. टोपण काढायचं, मागं लावायचं, परत काढायचं, पेन टेबलाच्या कडेला अगदी सरळ रेषेत ठेवायचं, मग बोटानं थोडं तिरपं करायचं आणि पुन्हा सरळ. मॅडमनी आमच्या खोलीत एक साधं पेन घेऊन ते सगळं हुबेहूब उतरवलं आणि स्टाफच्या बैठकीत सगळ्यांना दाखवलं. पडद्यावर नुसतं पेन. आधी एक लिपिक फिसकन हसला, मग सगळी खोली. दारातला शिपाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. फक्त प्राचार्य गंभीरपणे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "छान आहे, पण हे कोणाचं म्हणायचं?"

मॅडम मला सांगताना टाळ्या पिटत होत्या. "मानूस साऱ्याइले ओळखते, सोताले ओळखत नाई! एवढा मोठा पुरावा मले फुकट भेटला." पुढच्या आठवड्यात प्राचार्यांना कोणीतरी सांगितलंच. मग मॅडमची कॉलेजातली खोली गेली, परीक्षांची जास्तीची कामं त्यांच्या माथी आली, आणि विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणू लागले की हा विषय मानसशास्त्रात बसत नाही, चित्रकलेतही बसत नाही, तुम्ही दुसरा बघा. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. मला वाटतं त्या दिवसांत त्या फार सुखात होत्या.

दारातून पळालेला तो शिपाई तेल्हाऱ्याकडचा. त्यानं सुटीत गावी गेल्यावर पेनाची गंमत आपल्या बहिणीला सांगितली. हसवायला म्हणूनच सांगितली असेल. बहीण हसली नाही. पुढच्या वेळी मॅडम अकोल्याला आल्या, तेव्हा तो त्या बहिणीला घेऊन आमच्या दुकानात येऊन बसला होता.

ती वर्षं आमच्याकडं वाईट होती. कपाशीची पऱ्हाटी शेतात उभी वाळायची. आमच्या दुकानात लग्नाच्या ऑर्डरी ठरायच्या आणि रद्द व्हायच्या. भाईजान कारण विचारायचा नाही. त्या बाईच्या मोठ्या मुलीचं, शालूचं, लग्न असंच ठरलं होतं. पीक गेलं म्हणून ते पुढं ढकललं, मग मुलाकडच्यांनी मोडलं. त्यानंतर शालू गेली. कशी गेली ते आईनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या वर्षांत विचारावं लागत नसे.

तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक कंगवा काढला. हिरवा, प्लॅस्टिकचा, मधले दोन दात तुटलेला.

"माह्या भावानं सांगतलं, तुमी वस्तूतून मानूस दाखोता. मले शालूले पाहाचं हाये."

मॅडम कधी नव्हे ते तिच्या तोंडाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, मी जित्या मानसाची चाल पायतो अन् उतरोतो. गेलेल्याची कुठून आनू? मी तिले कधी पाह्यलंच नाई."

"मी पाह्यलं ना," शालूची माय म्हणाली. "मी सांगतो. तुमी हालवा."

मॅडम नाही म्हणाल्या. त्या बाईनं कंगवा परत रुमालात बांधला आणि ती जायला उठली. उठताना तिनं पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तसाच पुढं राहिला, थोडा वाकलेला, जणू बाजूला कोणाचं तरी डोकं आहे. मी ते पाहिलं नव्हतं. मॅडमनी पाहिलं, आणि मागाहून मला सांगितलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात शालूची माय आणि तिची धाकटी मुलगी रंजू मॅडमच्या सुटीच्या दिवशी एसटीनं आमच्याकडं येत राहिल्या. बाप कधी आला नाही. त्याला हे पसंत नव्हतं, एवढंच रंजू बोलली. रंजू सतराची असेल, गोरी, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. त्यांच्या घरातल्या कोनाड्यासारखा एक कोनाडा मॅडमनी पुठ्ठ्याचा केला, त्याला माती सारवली, आरशाचा तुकडा लावला. मग त्या दोघी सांगायच्या आणि मॅडम कंगवा हलवायच्या.

"असा नाई वो. ती आंधी कोनाड्यातून काढे तं झटकन नाई काढे. पाठीले धरून ओढे."

"माय, ते तुही चाल हाये. शालू झटकनच काढे."

"तुले काय मालूम? तू झोपेल राहे."

मायलेकींचं जमायचं नाही. एका कंगव्यावरून त्या दोघी तास तास भांडत. हळूहळू शालू तयार होत गेली. ती वरून खाली नाही, खालून वर गुंता सोडवत असे. मध्येच थांबे, कोणाचं तरी बोलणं ऐकायला. विंचरून झालं की कंगवा कोनाड्याच्या कडेला आपटे, दातांतले केस बोटाला गुंडाळे आणि ती गुंडी भिंतीच्या भेगेत खुपसे. या शेवटच्या गोष्टीवर दोघींचं एकदम जमलं. "हाव, भेगेतच," माय म्हणाली आणि हसली. "मी रोज शिव्या देवो तिले. अजूनबी हायेत त्या भेगेत."

आणि तेव्हाच रंजू म्हणाली, "पन शेवटी शेवटी ती केस काढतच नोती."

"म्हंजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हंजे, कंगवा भरेलच ठुवून दे. आपटेबी नाई. मीच काढून टाको मंग."

खोलीत पंखा बंद होता. कॉम्प्युटरचा बारीक आवाज तेवढा येत होता. शालूची माय कंगव्याकडं बघत म्हणाली, "मले नाई दिसलं."

"मले नाई दिसलं," ती पुन्हा म्हणाली. "सकाळी सैपाक, मंग वावर. मले नाई दिसलं."

मॅडमनी कॅमेरा बंद केला. स्वतःच्या हातानं पंखा लावला, जे त्यांनी माझ्यासमोर कधीच केलं नव्हतं. मायलेकींना बसमध्ये बसवून आल्या आणि माझ्या खुर्चीवर बसून राहिल्या. "हे आता संशोधन नाई राह्यलं, पोरी," त्या म्हणाल्या. "रंजूनं सांगतलं ते खरं. मी खऱ्याच्या मांगं हावो ना? मंग ते दाखवाले पायजे. पन ते कोनाले दाखवू? तिच्या मायले?"

बरेच आठवडे काम बंद राहिलं. मग शालूच्या मायचाच निरोप आला, आपल्या भावाकडून: हसती होती तेव्हाची करा. मॅडमनी तशीच केली.

झाली तेव्हा ती फिल्म मिनिटभराचीसुद्धा नव्हती. आम्ही ती त्या दोघींना माझ्या मॉनिटरवर दाखवली. हिरवा कंगवा कोनाड्यातून बाहेर आला, हवेतल्या हवेत खालून वर चालला, थबकला, पुन्हा चालला. मी महिनोन्‌महिने ते फोटो एकेक करून लावले होते, प्रत्येक फोटोतला दोष मला पाठ होता, तरी मी खुर्ची मागं सरकवली. शालूची माय रडली नाही. पडद्याजवळ तोंड नेऊन तिनं हाक मारली, "शालू." शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला मारावी तशी, साध्या आवाजात.

सीडी करून मागितली. मी करून दिली.

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या घरी होता, सीडी प्लेअरसुद्धा. शालूची माय कामं आटोपली की तिथं जाऊन बसू लागली. रोज. सुरुवातीला शेजारच्या बायकांनी तिच्याबरोबर बसून डोळे पुसले. मग त्यांच्यातलीच एक घाबरून बाहेर आली. कंगवा आपोआप चालतो, आणि चालतो तो शालूसारखाच. गावभर झालं की शालू गेलीच नाही, त्या घरात आहे, कंगव्यात आहे, तिची माय रोज तिला बोलावते.

हे सगळं आम्हाला कळलं ते बाप आला तेव्हा. उन्हाळा सरत आला होता. उंच, काटकुळा माणूस. दुकानाच्या बाहेरच उभा राहिला, भाईजाननं दोनदा बोलावल्यावर आत आला. योगायोगानं मॅडम त्या दिवशी होत्या.

"लहानीचं जमून नाई राह्यलं," तो म्हणाला. "अकोटकडचे पाव्हने आले होते. पोरगी पसंत केली. गावात कोनंतरी त्याइच्या कानात सांगतलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला का नको. त्याच्यानंतर आनखी एक घर तसंच गेलं. आता येतच नाई कोनी."

"सीडी?" मॅडमनी विचारलं.

"फोडली म्या. फोडून काय होते? आता लोक म्हनते, काहून फोडली? म्हंजे काही तरी होतंच ना." भांडायला आलेला माणूस नव्हता तो. "मॅडम, रंजू आजकाल बोलत नाई. जेवत नाई नीट. एक पोरगी म्या..." खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं तोंड पुसलं आणि तसंच झाकून ठेवलं.

मॅडम त्याच्या हातांकडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी येतो गावात. साऱ्याइच्या समोर दाखोतो, हे कसं करतात ते."

"त्यानं होईन?"

"भूत जाईन," मॅडम म्हणाल्या.

दुसरं काय जाईल ते त्यांना तेव्हाच माहीत होतं. मी त्यांना म्हणाले की गावात पत्रक वाटू, शाळेच्या मास्तरांना समजावून सांगायला लावू. त्या म्हणाल्या, "सांगून कोनी मानत नाई. लोकाइनं डोयानं पाह्यलं हाये. डोयानं पाह्यलेलं डोयानंच जाते."

भाईजाननं ओळखीची जीप आणली. कॉम्प्युटर, मॉनिटर गाद्यांत गुंडाळून घेतले आणि मंडपवाल्याचं जनरेटरही, कारण गावात दिवसा लाइट नसायची. मीही गेले. अम्मीनं माझ्या जाण्याला हरकत घेतली नाही. रंजूबद्दल मी तिला सांगितलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यात सगळं मांडलं. गाव जमलं. पुढं म्हातारी माणसं, मागं बाया पदर सावरून, आणि पोरं सगळीकडं. शालूची माय एका खांबाजवळ बसली होती, रंजू तिच्या मागं. मॅडमनी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला त्याची चप्पल मागितली. लोक हसले. चप्पल फरशीवर ठेवली, फोटो काढला. थोडी सरकवली, फोटो काढला. उन्हात, घामानं निथळत, वाकून वाकून त्या कितीतरी वेळ तेच करत राहिल्या. लोक कंटाळले, विड्या पेटवल्या, बोलायला लागले. मॅडमनी कोणाला गप्प केलं नाही. मग मी ते फोटो लावले आणि मॉनिटर लोकांकडं वळवला.

चप्पल लंगडत चालली. तो म्हातारा एका पायानं लंगडत असे. गाव असं हसलं की जनरेटरचा आवाज ऐकू येईना. पोरं ओरडली, "पुन्हा! पुन्हा!" म्हातारा स्वतःही हसत होता.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मंग तो कंगवाबी असाच?"

हसणं थांबलं.

"असाच," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता, पण भाषा आमचीच. "एकेक फोटो काढून. शालू नोती त्याच्यात. मी होतो. माहे हात होते. अकोल्यातल्या एका खोलीत, पुठ्ठ्याच्या कोनाड्यात. ते या पोरीनं कॉम्प्युटरवर जोडलं. त्याच्यात कोनाचा जीव नाई, कोनाचं येनं-जानं नाई. पोरगी गेली ते गेली. जे घर तिच्या बहिनीले सून म्हनून नेईन, त्या घरात एक चांगली पोरगी जाईन. बाकी काई जानार नाई."

लोक पांगले. बापानं मॅडमना हात जोडले. सामान जीपमध्ये भरताना शालूची माय जवळ आली. रंजूला तिनं दूर उभं केलं होतं.

"बाई, तुमी हे सांगाले नोको होतं."

"लहानीसाठी सांगा लागलं, बाई."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "तरी."

परतीच्या वाटेवर अकोटला भाईजाननं पाणी आणून दिलं. दोन्ही हातांत पेला धरून त्या म्हणाल्या, "शालू एक खेप गेली होती. आज मी तिले दुसऱ्यांदा नेलं." मग पाणी प्यायल्या. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. त्यांना मी तसं बघताना दिसले आणि त्यांनी पेला खाली ठेवून हात पदरात घेतले.

रंजूचं लग्न वर्षाच्या आत झालं, अकोटजवळच्याच एका घरी. आम्हाला पत्रिका नव्हती. बरोबरच होतं ते. आम्ही गेलो असतो तर पुन्हा तेच बोलणं निघालं असतं.

मॅडमनी प्रबंध दिला नाही. मार्गदर्शकांचं मत मध्यंतरी बदललं होतं. कुठल्या तरी परिषदेत अशाच कामाचं कौतुक त्यांनी ऐकलं आणि ते मॅडमच्या मागं लागले की लिहून काढा, कंगव्याचा भाग तर नक्की घाला. मॅडम म्हणाल्या, "सर, तो भाग झालाच नाई." प्राचार्य बदलले, मॅडमना खोली परत मिळाली, त्या निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. आमच्याकडं येणं बंद झालं. कॅमेरा मात्र मला देऊन टाकला. "लग्नात वापर," म्हणाल्या. "लग्नात साऱ्याइचे चेहरे काढ. हात काढू नको."

मी अमरावतीला गेले की त्यांच्याकडं जाऊन येई. आमच्या दारी असत तशाच त्या तिथं असायच्या, शेंगा, झोळी. पण माझ्या हातांबद्दल, शेजारणीच्या हातांबद्दल काही बोलायच्या नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, की मी कप ठेवते तो अम्मीसारखा का? त्या म्हणाल्या, "मी पायत नाई आता."

दरवर्षी दिवाळीच्या सुटीत मात्र त्या तेल्हाऱ्याची बस पकडून त्या गावात जायच्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्या शिपायानं सांगितलं. मग एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले. शालूच्या बापानं ओसरीत चटई टाकली. त्याच्या शेताबद्दल, तुरीबद्दल तो थोडं बोलला. आतून चहा आला. तिकडचं पाणी खारं, त्यामुळं चहाही खारट. मॅडम तो पूर्ण प्यायल्या. शालूची माय आत भांडी घासत होती, आवाज येत होता. ती बाहेर आली नाही. आम्ही उठलो, रामराम केला, बसला परत आलो. मी विचारलं, दरवर्षी असंच? मॅडम म्हणाल्या, "हाव."

"मग का जाता?"

"तिनं या म्हनलं नाई. पन येऊ नका असंबी म्हनलं नाई," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. अमरावतीला, घरीच, दुपारच्या वेळी. शेजाऱ्यांना कळायला संध्याकाळ झाली. जवळचं कोणी नव्हतं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

दिवाळीच्या सुटीत मी एकटी त्या गावात गेले. शालूचा बाप आता थकला आहे, त्याला नीट ऐकू येत नाही. मी मोठ्यानं सांगितलं तरी त्याला समजेना. आत भांड्यांचा आवाज थांबला. शालूची माय हात पुसत दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली. केस पांढरे झाले होते. मी तिला सांगितलं. ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता उठावं.

ती ताट घेऊन आली. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. माझ्यासमोर ठेवलं आणि त्या घरात पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली.

"त्याइले एवढे साल नुसता चहाच पाजला," ती म्हणाली. मग जमिनीकडं बघत, "खोटं बोलल्या असत्या तं मले चाललं असतं. शालू हाये म्हनल्या असत्या तं म्या मानलं असतं. पन त्याइले ते जमत नोतं."

मी मान हलवली. हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. तिनं ते पाहिलं असावं. पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि मी नको म्हणायच्या आत दुसरी भाकर ताटात टाकली.